चौघे, छोट्या प्लेट्स आणि एकच बाटली

प्रश्न: आम्ही चौघे वाइन बारमध्ये सगळ्या छोट्या प्लेट्स एकदम मागवतो, सोबत रेड वाइनची बाटली. निम्मे पदार्थ गार होतात आणि तिखटाबरोबर वाइन कडवट लागते. काय चुकतं?

उत्तर: चौघांना सात-आठ प्लेट्स पुरतात, पण त्या टप्प्याटप्प्याने मागवा. आधी ऑलिव्ह, चीज, ब्रेड असे तीन थंड पदार्थ. ते संपत आले की गरम. प्लेटमध्ये तीनच तुकडे असतील तर चौथा मागताना संकोच नको, बहुतेक ठिकाणी देतात.

कडवटपणाचं कारण टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून रेड वाइनमध्ये उतरणारा तुरट घटक. तिखटाने तो जास्त तुरट लागतो, आणि अल्कोहोल जितकं जास्त तितकी जिभेची आग वाढते. तेलकट माशाबरोबर तर रेड वाइन चक्क धातूसारखी लागू शकते! तिखटाला किंचित गोड, कमी अल्कोहोलची रीसलिंग ही व्हाइट वाइन घ्या, तळलेल्याला स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन.

मुळात इतक्या वेगवेगळ्या चवींना एकच बाटली कशाला? ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाचच ग्लास होतात. त्यापेक्षा ७५ मिलीचे अर्धे ग्लास मिळतात का ते विचारा. ग्लासने घेताना बाटली कधी उघडली, हेही विचारावं. शिळी वाइन सपक लागते.