केडी 'दोन टक्के' कसा काय असेल?

"केडी रेशोला मराठीत गुणोत्तर म्हणायचं की सरासरी?" असा प्रश्न आलाय. केडी म्हणजे शूटिंग गेममध्ये किती जणांना मारलं (किल्स) भागिले स्वतः किती वेळा मेलो (डेथ्स). उत्तर देतो, पण आधी हे, कारण गेमचा कुठलाही लाइव्ह स्ट्रीम लावला की ऐकू येतं आणि डोकं उठतं: "भावाचा केडी दोन टक्के आहे!" अरे टक्के कुठून आले? 20 किल्स, 10 डेथ्स, भागले की 2, म्हणजे एकदा मरेपर्यंत दोघांना पाडलं. टक्के हवेच असतील तर हेडशॉटला, म्हणजे थेट डोक्यात मारलेल्या गोळीला लावा, तिथे ते शोभतात.

गुणोत्तर शाळेच्या पुस्तकाप्रमाणे बरोबरच आहे. पण "केडी ही सरासरी नव्हेच" असं ठणकावणारी मंडळी क्रिकेट कसं विसरतात कळत नाही. बॅटिंगची सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, जितक्यांदा बाद झाला तितक्याने भागतात. केडीचं गणित हुबेहूब तेच. तिथे सरासरी चालते मग इथेच सोवळं कशाला?

आणि सरासरी हा शब्द काय सुंदर आहे बघा. फारसी 'सरासर' वरून आलाय. सर म्हणजे डोकं, सरदार आणि सरनोबत मधला तोच सर, आपल्या संस्कृत 'शिरस्' च्या नात्यातला. सरासर म्हणजे या डोक्यापासून त्या डोक्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधलं काही न सोडता. काही जण तो पावसाच्या सरींशी जोडतात, सरीवर सर म्हणून सरासरी. ऐकायला गोड आहे पण व्युत्पत्ती अशी कानाने ठरवायची नसते.

मला तर वाटतं हिशोब कसा करायचा तेही या शब्दातच सांगून ठेवलंय. समजा पहिल्या मॅचला 10 किल्स 1 डेथ, केडी 10. दुसऱ्या मॅचला 5 किल्स 10 डेथ्स, केडी 0.5. आता दोन्ही केडी मिळवून दोनाने भागायचं आणि 5.25 सांगत फिरायचं, असे लोक मी रोज बघतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा ना, 15 किल्स, 11 डेथ्स, 1.36 येतो. एकदाही न मेलेल्या मॅचला तर शून्याने भागताच येत नाही, म्हणून बऱ्याच गेममध्ये तिथे किल्सचाच आकडा केडी म्हणून दाखवतात, पण सगळं एकत्र धरलं की ती मॅच नाबाद डावासारखी गुपचूप वरच्या आकड्यात, म्हणजे एकूण किल्समध्ये मिसळते.