स्टिअरिंग राहू द्या, आधी आरसी दाखवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३१, चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. महिन्याला ६२,००० हातात येतात. घरी आई, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या दाजींकडून त्यांची २०१७ ची पोलो जीटी ४ लाखांना घेतली. (गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे, पण घरातलाच मामला आहे, आणि त्यांचा ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, हीही चालू राहते.) आता क्विक-रिलीज, म्हणजे खटका दाबून काढता येणारं, स्टिअरिंग बसवायचंय. चाक, बॉस किट (चाक गाडीला जोडणारा भाग), रिलीजचा खटका आणि मजुरी मिळून ३८,०००. त्यातले ५,००० अ‍ॅडव्हान्स दिलेत. रात्री चाक काढून घरात नेलं की चोरीची भीती नाही, आणि गाडी विकताना पैसे वसूल होतात असं दुकानदार म्हणतो. बोनस ७०,००० आलाय. रोख देऊ, की नो-कॉस्ट ईएमआय करून बोनस गुंतवू? बाकी सगळं व्यवस्थित आहे: गाडीचं पर्सनल लोन वेळेवर चाललंय, ६०,००० ची गॅरंटीड पॉलिसीही आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. त्याच्याकडे येतोच, आधी स्टिअरिंग उरकून टाकू.

रोखही नको आणि ईएमआयही नको. रेसिंगच्या गाडीत ड्रायव्हरला आत शिरायला आणि अपघातात पटकन बाहेर पडायला जागाच नसते, म्हणून तिथे चाक निघतं. पोलोला दार आहे. तुमच्या मूळ चाकात एअरबॅग आहे. ती काढली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तो विझवायला दुकानदार एक रेझिस्टर जोडतो. म्हणजे गाडीला वाटतं एअरबॅग आहे, तुम्हाला माहीत असतं की नाही, आणि शेजारी बसलेल्या तुमच्या पत्नीला कोणी सांगतच नाही. रिलीज स्वस्तातला असेल तर काही महिन्यांत तो सैल होऊन हलायला लागतो. खटका पूर्ण बसला नाही आणि वळणावर चाक हातात आलं तर काय, ते दुकानदाराला विचारून पाहा.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इथे मालक म्हणजे दाजी. बदल विमा कंपनीला कळवला नाही तर क्लेम नाकारायला तिला कारण आयतं मिळतं. ट्रॅकवर न्यायची म्हणत असाल, तर नेहमीच्या मोटार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग मुळातच वगळलेलं असतं.

चोरीसाठी हजार-दीड हजाराचा स्टिअरिंग लॉक मिळतो. आणि विकताना पैसे वसूल? जुनी गाडी घेणारा आधी विचारतो, ‘ओरिजिनल स्टिअरिंग कुठंय?’ नो-कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी असते आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येतो. स्टिअरिंगचं एवढं पुरे.

आता कंस. ‘घरातलाच मामला’ हे शब्द ऐकले की मला धडकी भरते, कारण माझ्या टेबलावर येणारी निम्मी भांडणं घरातल्याच मामल्यांची असतात. दाजी चांगलेच असतील. पण आरसीवर नाव त्यांचं आहे, विमा त्यांच्या नावावर आहे, पैसे मात्र तुमच्या खात्यातून त्यांच्या खात्यात गेलेत आणि त्याची नोंद बँकेत आहे. उद्या गाडी चोरीला गेली, तर पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी गाडी विकून टाकलेली आहे आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या नावावर पॉलिसी नाही. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम इथेच अडतो. सर्व्हेअरला खरं काय ते शोधायला फार कष्ट पडत नाहीत. गाडी दोन वर्षं कोणाच्या पार्किंगमध्ये उभी असते हे वॉचमनही सांगतो.

अपघातात दुसऱ्याला लागलं, तर नोटीस साताऱ्याला जाईल. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या लेखी मालक, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी तुम्ही चालवणार आणि कोर्टाच्या तारखांना तुमच्या बहिणीचा नवरा जाणार.

आणि सगळ्यात वाईट पुढे आहे. मोटार पॉलिसीसोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो गाडी चालवणाऱ्या नोंदणीकृत मालकाला मिळतो. तुम्ही नोंदणीकृत मालक नाही. तुमच्या घरच्यांसाठी ते १५ लाख म्हणजे शून्य.

हे सगळं कशासाठी? ५० टक्के एनसीबीसाठी. या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, साडेतीन लाखांच्या आसपास धरली, तर वर्षाला वाचतात चार-पाच हजार. महिन्याला चारशे रुपये धरा. पणाला लागलेत साडेतीन लाखांची गाडी आणि १५ लाखांचं संरक्षण. शिवाय एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो दाजींनी सर्टिफिकेट घेऊन आपल्या नव्या गाडीवर वापरायचा. तुमचा एनसीबी तुम्ही शून्यापासून सुरू करायचा.

तेव्हा या आठवड्यात गाडी तुमच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरा. खरेदीदाराला ३० दिवसांची मुदत असते, तुम्ही दोन वर्षं लावलीत, थोडा दंड पडेल. नाव बदललं की विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस असतात, त्याला पंधरावा दिवस उजाडू देऊ नका. तोपर्यंत गाडी शक्य तितकी कमी चालवा.

आता ती ‘व्यवस्थित’ पॉलिसी. तुमच्या कागदांवरून: वर्षाला ६०,०००, बारा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी साधारण १३ लाख मिळणार. ७ लाख २० हजारांचे १३ लाख, ऐकायला बरं वाटतं. हिशेब केला तर परतावा वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास. त्याच वेळी तुम्ही पर्सनल लोनवर १४ टक्के भरताय. चौदाने घ्यायचे आणि चारने द्यायचे, असा धंदा किराणा दुकानदारानेही केला नसता. लोन मंजूर करताना ‘सोबत पॉलिसी घ्यावी लागते’ असं बँकेत सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. लागत नाही. कर्जासाठी अशी सक्ती करता येत नाही, आणि सांगणाऱ्यालाही ते माहीत असतं.

त्या पॉलिसीत तुमच्या जिवाची किंमत आहे ६ लाख. ईपीएफसोबतचा ईडीएलआय, म्हणजे नोकरीतून मिळणारा जीवन विमा, जास्तीत जास्त ७ लाख. झाले १३. कर्जाचे पावणेतीन लाख त्यातून फेडायचे म्हटले, तर उरतात सव्वादहा. तुमच्या पगाराने मोजलं तर दीड वर्षही नाही, आणि मुलगी अजून शाळेत गेलेली नाही.

१ कोटीची टर्म पॉलिसी (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारी) घ्या, वयाच्या साठीपर्यंतची. तुम्ही धूम्रपान करत नसाल तर वर्षाला बारा हजारांच्या आसपास पडेल, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटीही नाही. ती पॉलिसी हातात आल्यावरच, आधी नाही, गॅरंटीडचा तिसरा हप्ता थांबवा. सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच, ठेवली तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल, तर एका वर्षाचा हप्ता भरल्यावरही सरेंडर व्हॅल्यू द्यावी लागते. तोटा होईल. भरलेल्या १ लाख २० हजारांसाठी उरलेले सहा लाख अडकवायचे का, एवढंच ठरवायचंय.

७०,००० चं काय करायचं तेही सांगतो. टर्म बारा हजार. नाव बदलणं आणि तुमच्या नावावरचा विमा मिळून पंधरा-सोळा हजार धरा. चाळीस हजार कर्जात. थांबवलेल्या हप्त्याचे ६०,००० हेही कर्जात. बाकी आहे पावणेतीन लाख, महिन्याचा हप्ता ९,३००. एक लाख आत्ता भरलेत आणि हप्ता तोच ठेवलात, तर ३६ महिन्यांचं काम २१ महिन्यांत होईल आणि व्याजाचे चाळीस हजारांच्या आसपास वाचतील. तुमच्या स्टिअरिंगची किंमत आहे ती, थोडी जास्तच. पार्ट-पेमेंटवर बँक किती शुल्क लावते ते आधी विचारा. दोन-तीन टक्के असलं तरी भरा.

बोनसमधून दोन-तीन हजार उरतात. ते कार्टिंगवर उडवा. खरोखर ट्रॅकचं वेड असेल, तर पुढच्या वर्षी रजा काढून कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर जा, पण तिथल्याच गाडीत बसायला.

दुकानदाराकडे अडकलेले ५,००० तो रोख परत देणार नाही, हे गृहीत धरा. त्याऐवजी पुढचे ब्रेक पॅड आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या. त्याला तो नाही म्हणणार नाही.