मॅकॉयचे आकडे भारी, तरी माझ्या यादीत पहिला व्हिन्स यंगच

तुमचा प्रश्न असा, की आकडे कोल्ट मॅकॉयचे भारी असताना टेक्सास लाँगहॉर्न्सच्या, म्हणजे टेक्सास विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, क्वार्टरबॅकमध्ये (चेंडू हाती घेऊन पास टाकणारा, डाव चालवणारा खेळाडू) व्हिन्स यंग पहिला कसा? मी सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजतो: फोर्थ डाउन. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न; चौथाही फसला की चेंडू गेला समोरच्याकडे.

४ जानेवारी २००६, रोझ बोल, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना. समोर सलग ३४ सामने जिंकलेला यूएससी, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ. सात मिनिटंही उरली नव्हती आणि टेक्सास १२ गुणांनी मागे. मग एक टचडाउन (चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की सहा गुण) झाला, चेंडू पुन्हा मिळाला, आणि शेवटचे १९ सेकंद राहिले तेव्हा फोर्थ डाउन, पाच यार्डांची गरज. यंगला पास द्यायला कोणी मोकळं दिसेना, म्हणून गडी स्वतःच उजव्या कडेने पळत एंड झोनमध्ये. ४१-३८. त्या रात्री तो धावला २०० यार्ड, पास टाकले २६७ यार्डांचे. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्याआधीच यूएससीच्या रेजी बुशला देऊन झाली होती!

दुसरा जेम्स स्ट्रीट. इथे बरेच जण भांडतील. पासचे आकडे किरकोळ, कारण विशबोन या त्यांच्या आक्रमणाच्या रचनेत सगळा भर धावण्यावर. पण सुरुवातीपासून खेळलेले २० सामने, वीसच्या वीस जिंकलेले. डिसेंबर १९६९ मध्ये फेटव्हिलला आर्कन्सा १४-० पुढे होता, प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष निक्सन. स्ट्रीटने ४२ यार्ड धावून खातं उघडलं, टचडाउननंतरच्या जादा प्रयत्नाचे दोन गुणही त्यानेच घेतले. पुढे फोर्थ डाउनला फक्त तीन यार्ड हवे असताना प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांनी लांब पास सांगितला. वेडेपणाच! रँडी पेशेलने तो ४४ यार्डांवर झेलला. १५-१४.

मॅकॉय तिसरा. ४५ विजय, २००८ मध्ये ७६.७ टक्के पास अचूक. फिएस्टा बोलमध्ये १६ सेकंद उरले असताना क्वान कॉस्बीला दिलेला विजयी पासही मान्य, पण तिथे राष्ट्रीय अजिंक्यपद पणाला नव्हतं. ते होतं त्या सामन्यात, जानेवारी २०१० मध्ये, अलाबामाविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच त्याचा खांदा गेला. त्याचं नशीब, दुसरं काय.

बॉबी लेनला मी क्रम देत नाही. १९४६ च्या कॉटन बोलमध्ये टेक्सासने मिझुरीला ४०-२७ हरवलं आणि चाळीसही गुणांत त्याचा हात होता: तीन टचडाउन धावून, दोन पास टाकून, एक चक्क पास झेलून, वर टचडाउननंतरच्या एकेका गुणाच्या चार किक. आता सांगा, याला कुठल्या रांगेत बसवायचं?