वाचकांचे प्रश्न : छोटं वाफेचं इंजिन आणि मेन लाइनचा हिशेब

प्रश्न : पुणे–लोणावळा मार्गावर सुट्टीच्या दिवशी एखाद्या जुन्या, छोट्या वाफेच्या इंजिनाची गाडी सोडली तर ती स्वतःचा खर्च काढेल का? इंजिन छोटं म्हणजे कोळसा कमी, मग तिकीटही बेताचं ठेवता येईल ना? (एक वाचक, चिंचवड)

हिशेब कोळशापासून सुरू केला की तिथेच चुकतो. मेन लाइनवरच्या जुन्या इंजिनाच्या खर्चात कोळसा डोळ्यांत भरतो खरा, पण पैसे जातात ते इतरत्र. वेळापत्रकात गाडीसाठी मोकळी ठेवावी लागणारी जागा (रेल्वेवाले तिला पाथ म्हणतात), वाफेवर तयार झालेले ड्रायव्हर-फायरमन, बॉयलरच्या तपासण्या, आणि इंजिन त्याच्या शेडपासून इथवर आणणं नि परत नेणं. इंजिन लहान आहे म्हणून यातलं एकही कलम लहान होत नाही. लहान होतं ते फक्त उत्पन्न.

पाथचंच बघा. पुणे ते लोणावळा ६४ किमी. ताशी ४० किमीने कुठेही न थांबता गेलं तरी ९६ मिनिटं लागतात. ताशी १०० किमीने धावणारी गाडी हेच अंतर ३८ मिनिटांत कापते. म्हणजे आपल्या गाडीमागे जवळजवळ तासभर एकही वेगवान गाडी सोडता येत नाही, नाहीतर आपल्याला मध्येच लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालून मागच्यांना पुढे काढावं लागतं. लूपमध्ये उभं राहिलं तरी आग विझत नाही. दाब वाढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि महागामोलाचं पाणी वाफ होऊन आकाशात जातं. लोकल आणि एक्स्प्रेसच्या या रेट्यात असा पाथ मिळालाच तर रविवारी भल्या पहाटे.

आता डोई खर्च. समजा, इंजिन पेटवण्याआधीच दिवसाचे तीन लाख गेले (आकडा निव्वळ उदाहरणाचा). नऊ डब्यांत ४५० माणसं बसली तर प्रत्येकी ६६७ रुपये पडतात. छोट्या इंजिनामागे दोन डब्यांत १०० बसली तर ३,०००. १८५५ साली लीड्समध्ये बांधलेलं ‘फेअरी क्वीन’ १९९७ पासून दिल्ली छावणी ते अलवर धावू लागलं, तेव्हा विकली जात होती ती दोन दिवसांची सहल : मुक्काम आणि सरिस्का व्याघ्र प्रकल्पासकट. किलोमीटरच्या दराने तिकीट लावून असली गाडी चालत नाही. पुण्याहून करायचंच असेल तर फेरी छोटी ठेवा, दर चढा ठेवा, आणि इंजिन एकदा आणलंत की लागोपाठ तीन-चार दिवस चालवा, म्हणजे आणण्या-नेण्याचा खर्च तेवढ्या फेऱ्यांत वाटला जाईल.

प्रश्न : ब्रिटनमध्ये छोटी इंजिनं इतकी जपून ठेवली आहेत, तरी मेन लाइनवर बहुतेक मोठीच का दिसतात? (एक वाचक, औंध)

कारण तिथेही हिशेब हाच आहे, फक्त यंत्रांची भर पडते. मेन लाइनवर यायचं तर इंजिनात सिग्नलची सूचना देणारी आणि वेळेवर ब्रेक लावणारी उपकरणं, प्रवासाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर आणि रेल्वेचा रेडिओ लागतो. ‘पॅसिफिक’ जातीच्या मोठ्या इंजिनाला जे लागतं तेच चिमुकल्या टँक इंजिनालाही (ज्याची पाण्याची टाकी इंजिनावरच असते). वर मोठ्या इंजिनात या पेट्या आणि बॅटऱ्या टेंडरच्या, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाड्याच्या, कोपऱ्यात बसतात. टँक इंजिनाला टेंडरच नसतो आणि कॅबमध्ये फायरमनला फावडं फिरवायलाच जेमतेम जागा.

मग वेग. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पॅनियर टँक इंजिनाची (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना टाक्या असलेलं इंजिन) चाकं ४ फूट ७½ इंचांची, म्हणजे १.४१ मीटर व्यासाची. ताशी ७२ किमीला ती मिनिटाला सुमारे २७० फेरे घेतात. ६ फूट ८ इंची चाक त्याच वेगाला १९० च्या आतच राहतं. फेरे वाढले की बेअरिंगमधला व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) तापतो, तेल टिकत नाही, आणि पुढची फेरी हातची जाते.

डब्यांचंही तेच. तिथल्या मार्क-१ प्रकारच्या खुल्या सेकंड क्लास डब्यात ६४ जागा, फर्स्टच्या डब्यात ४२. त्यातला एक डबा हत्यारं, तेल नि सुटे भाग घेऊन निघालेल्या इंजिनाच्या माणसांसाठी जातो. अकरा डब्यांतून एक वजा झाला तर चालतं. पाचांतून गेला की नफाच गेला. म्हणून छोट्या इंजिनांचे मालक ती संस्थांच्या खासगी मार्गांवर दिवसाच्या भाड्याने देतात. तिथे वेग ताशी ४० किमीच्या आत, मेन लाइनची उपकरणं नकोत, आणि दिवसभर फेऱ्या. आमच्या मते शहाणपणाचा व्यवहार तोच.

प्रश्न : बोरघाट चढून अशी गाडी कर्जतहून लोणावळ्याला आणता येईल का? (एक वाचक, तळेगाव)

फेअरी क्वीनच्या जातीचं इंजिन धरून बघू. घाटाचा चढ ३७ ला १. म्हणजे दर टनाला सुमारे २७ किलो ओढ फक्त चढाची, घर्षणाची पाचेक धरून ३२. इंजिन २६ टन, भरलेला एक डबा ४५ टन. एकूण ७१ टनांना २.३ टन ओढ लागते. या इंजिनात ओढणारा आस (चाकांची जोडी) एकच. त्यावर दहा टन भार धरला तर कोरड्या रुळावर त्याच्या चौथाईइतकी, म्हणजे अडीच टन पकड मिळते. एक डबा कसाबसा; दुसरा जोडला की चाक जागच्या जागी फिरणार. पावसाळ्यात तर पहिलाही नाही. मागून बँकर (ढकलणारं दुसरं इंजिन) लावता येईल, पण मग गाडी चढवली बँकरने आणि तिकीट घेतलं वाफेचं.

त्याहून जपायचं ते पाणी. बॉयलर चार मीटर लांब असेल तर या चढावर दोन टोकांच्या पातळीत जवळपास ११ सेंटीमीटरचा फरक पडतो. धुराडं पुढे ठेवून चढताना पाणी मागे, फायरबॉक्सकडे जमतं आणि पातळी दाखवणाऱ्या काचेत भरपूर दिसतं. माथ्यावर गाडी सपाटीला आली की ते पुढे पळतं आणि मागची पातळी पाचेक सेंटीमीटरने उतरते. फायरबॉक्सचं छत उघडं पडलं तर त्यातला लेड प्लग (शिशाचं सुरक्षा-बूच) वितळतो, वाफ आगीत शिरते आणि गाडी तिथेच संपते. म्हणून माथा येण्याआधीच इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी भरणारं साधन) लावून पातळी वर ठेवावी.

प्रश्न : पाणी टँकरने भरलं तर भागेल का? (एक वाचक, वाकड)

भागेल, पण कुठलं पाणी ते विचारा. फेअरी क्वीनची टाकी ३,००० लिटरची. हलक्या गाडीला किलोमीटरमागे ५० लिटर धरले आणि एक तृतीयांश पाणी राखीव ठेवलं तर ४० किमीवर भरणं आलंच, म्हणजे लोणावळ्याच्या आधी एकदा. दहा हजार लिटरचा टँकर पुरून उरतो. अडचण असते ती टँकर रुळापर्यंत पोचण्याची. जागा आधी जाऊन पाहा, पाइपची लांबी मोजा.

खडकवासल्याचं नळाचं पाणी त्यातल्या त्यात मऊ. टँकरवाला बोअरचं आणून ओतण्याची शक्यता दाट, आणि ते जड असतं. त्याने नळ्यांवर क्षार धरतात, शिवाय क्षार साठले की पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरचं झाकण फुटतं. चालकाने ब्लोडाउन (बॉयलरमधलं क्षार साठलेलं पाणी थोडं सोडून देणं) वेळोवेळी करावं आणि बॉयलर ठरल्या मुदतीत धुवावा.

प्रश्न : वर विजेची तार असताना वाफेचं इंजिन चालतं का? (एक वाचक, पिंपरी)

चालतं. धोका इंजिनाला नाही, माणसाला आहे. तारेत २५,००० व्होल्ट असतात. टाकीवर चढून पाणी भरणं किंवा टेंडरवर उभं राहून लांब सळईने कोळसा ओढणं जिवावर बेतू शकतं. पाणी तारेखाली भरायचं असेल तर आधी त्या भागातला वीजपुरवठा बंद करून तार जमिनीला जोडून (अर्थिंग करून) घ्यावी लागते, आणि त्या ब्लॉकची वेळ पाथमध्ये धरावी लागते. जमत असेल तर जमिनीवरूनच भरता येईल असं तोंड टाकीला खालच्या बाजूला बसवून घ्या. ब्रेकचीही चौकशी आधी करा : आताचे डबे हवेच्या ब्रेकचे, जुन्या इंजिनात कॉम्प्रेसर नसेल तर मागे डिझेल जोडावं लागतं, आणि त्याचं भाडं वेगळं.