पागोळ्यांचे पाणी आणि हातचे गेलेले महिने

आपल्या घराच्या मागच्या पाख्याचे पाणी वडिलांच्या काळापासून शेजाऱ्यांच्या परसात पडून चरातून ओढ्याला मिळत होते, गेल्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी तिथे भिंत घातली, पाणी आपल्याच घरात मुरू लागले आणि तेव्हापासून आपण ग्रामपंचायतीत तीन अर्ज दिले, असे आपण एप्रिलच्या पत्रात कळवता. पावसाळा तोंडावर आला की अशी पत्रे गावोगावहून येतात, आणि बहुतेकांत पहिले वर्ष असेच अर्जांत गेलेले असते.

वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वहिवाट असेल तर सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा ठरावीक उपयोग करण्याचा हक्क, मिळतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. मात्र भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चे कलम 15 तिथे संपत नाही. ही वीस वर्षे दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. शिवाय अडथळा माहीत झाल्यावर तो वर्षभर निमूटपणे सोसला, तर वहिवाटीत खंड पडला असे धरले जाते. आपले ते वर्ष येत्या मे महिन्यात पुरे होते.

ग्रामपंचायतीला हा हक्क ठरवण्याचा अधिकार नाही आणि तिथल्या अर्जांनी ही मुदत थांबत नाही. भिंत आपण मान्य केली नव्हती, हे दाखवण्यापुरता त्यांचा उपयोग होईल. पण तीनपैकी एकाच अर्जाची शिक्क्याची पोच आपण जपली आहे, हे वाचून वाईट वाटले. तहसीलदारांकडेही जाऊ नका, कारण मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 मधील पाण्याच्या अडथळ्याची तरतूद शेतजमिनीसारख्या जमिनींसाठी आहे. दिवाणी न्यायालयाला मे महिन्यात उन्हाळी सुटी लागते, म्हणून हक्काची घोषणा, भिंत काढण्याचा आदेश आणि तातडीचा अंतरिम मनाई हुकूम मागणारा दावा त्याआधीच दाखल करा. जागेची पाहणी करून न्यायालयाला अहवाल देणारा कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्जही सोबत द्या. घराच्या भिंतीवरची ओल आणि बुजलेला चर पावसाआधी कोणीतरी अधिकृतपणे पाहिलेला असणे आपल्याला फार उपयोगी पडेल. निकालाला वर्षे लागतात, त्यामुळे या पावसाळ्याचा प्रश्न अंतरिम आदेशावरच अवलंबून आहे.

बाकीचे मी खात्रीने सांगणार नाही. 2012 मध्ये कौले काढून पत्रा घातल्यावर सारे पाणी एका पाइपने एकाच जागी सोडले, असे आपण ओझरते लिहिले आहे. पद्धत बदलता येते, पण शेजारच्या जागेवरचा भार वाढवता येत नाही. तो वाढला की नाही, हे पुराव्यावर ठरेल. त्याच पाइपात मोरीचे सांडपाणी सोडले असेल तर ते आजच वेगळे करा. भिंत स्वतः फोडू नका. सुविधाधिकार अधिनियमाचे कलम 36 तशी मुभा देत नाही.

वडिलांनी शेजाऱ्यांकडे पाणी सोडण्याची कधी परवानगी मागितली होती का, याचा घरात नीट शोध घ्या. परवानगीने झालेली वहिवाट कितीही जुनी असली तरी तिच्यातून असा हक्क निर्माण होत नाही. तसा एखादा कागद असेल, तर तो आपल्या वकिलांना दाव्याचा मसुदा होण्यापूर्वीच दाखवा.