वाचकांचे प्रश्न : ब्रेकच्या रबरी नळ्या

प्रश्न : माझी मारुती ८०० गाडी २००३ची आहे. परभणीहून नांदेडला पोचेपर्यंत पुढचं डावं चाक इतकं तापतं की रिमजवळ हात नेववत नाही. उजवं नुसतं कोमट असतं. मेकॅनिक म्हणतो, कॅलिपर बदला. बदलू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आधी दहा मिनिटं घालवून दोष नक्की कुठे आहे ते बघा. जुन्या गाडीत अशा वेळी बऱ्याचदा कॅलिपर, म्हणजे चाकाच्या चकतीवर पॅड दाबणारा भाग, चांगला असतो आणि त्याला जोडलेली रबरी नळी, म्हणजे ब्रेक होज, आतून बंद होत आलेली असते.

गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना उटी लावा, पुढचं डावं चाक उचलून खाली घोडी द्या. विटांवर भरवसा ठेवू नका. इंजिन चालू करून कुणाला तरी तीन-चार वेळा ब्रेक जोरात दाबून सोडायला सांगा आणि चाक हातानं फिरवा. चाक आवळलेलं असेल तर कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (हवा काढायची छोटी तोटी) अर्धा फेरा सैल करा. ब्रेक फ्लुइडची (ब्रेकच्या तेलाची) चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब आत अडकला होता. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर मेकॅनिकचं खरं : पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्यात.

दाब अडकत असेल तर निपल बंद करा, ब्रेक पुन्हा दाबून सोडा आणि या वेळी लोखंडी नळी रबरी नळीला मिळते तिथला नट जरासा सैल करा. चाक इथेच सुटलं तर अडथळा वर, मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर फ्लुइडला दाब देतो तो) आहे. पेडलला फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) नसला तरी असं होतं. पण मग सहसा एकटं चाक तापत नाही, दुसरंही तापतं. इथे सुटलं नाही आणि निपलला सुटलं, तर दोष रबरी नळीचा.

आतलं रबर वर्षानुवर्षांनी फुगतं किंवा त्याचा पापुद्रा सुटतो. आपण पाय देतो तेव्हा मागचा जोर एवढा असतो की फ्लुइड त्या फटीतूनही पुढे जातं. परत यायला मात्र पिस्टनच्या सीलचा किंचितसा ताण तेवढा असतो, तो पुरत नाही. नळी एकमार्गी झडपेसारखी वागू लागते. रस्त्यावरची खूणही तशीच : ब्रेक लावताना गाडी क्षणभर उजवीकडे ओढते, कारण डावीकडे दाब उशिरा पोचतो, पाय काढल्यावर डावीकडे ओढते.

प्रश्न : नळ्यांवर बारीक भेगा दिसतात. अजून किती दिवस चालतील?
— एक वाचक, औसा

उत्तर : दिवस मोजू नका. नळीला आतलं रबर, त्यावर धाग्यांची वीण आणि बाहेरचं आवरण असे थर असतात. नळी हलकेच वाकवून टॉर्च मारा. धागा दिसला, कुठे फोड आला किंवा ओल लागली, तर गाडी उभी करा. धागा न दिसता नुसत्या भेगा असतील तरी नळी जुनीच झाली आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला बदला. दहा वर्षांच्या पुढच्या नळीबद्दल आम्ही वादच घालत नाही.

बघायचं ते मुख्यतः दोन्ही टोकांना, धातूची टोपी दाबून बसवलेली असते तिथे. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून नळी टायरला घासते का तेही बघा. मग एकानं पेडल दाबून धरावं आणि दुसऱ्यानं नळी मुठीत घ्यावी. ती फुगलेली कळली तर ती गेली. मागची नळी बघायची राहून जाते. मागे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांत बहुधा मधोमध एकच असते आणि काळ्या रानातून आलेल्या गाडीत ती चिखलाच्या गोळ्यात दडलेली असते. आधी धुवा, मग बघा.

आपल्याकडचा एप्रिल-मेचा चाळिशीपार पारा रबराला मानवत नाहीच, पण त्याहून वाईट खोड म्हणजे सर्व्हिसिंगला खालून डिझेलचा किंवा जळक्या ऑइलचा फवारा मारून घेणं. पत्र्याला तो चालेल, ब्रेकच्या रबराला नाही. दुसरी खोड कारागिरांची : पॅड बदलताना कॅलिपर नळीवर लोंबकळत सोडायचा, किंवा फ्लुइड थांबवायला नळीला व्हाइस ग्रिप लावायचं. वरून काही दिसत नाही, आतला थर मात्र फाटतो. कॅलिपर तारेनं स्प्रिंगला टांगायला सांगा.

प्रश्न : पुढच्या दोन्ही नळ्या घरी बदलता येतील का? काय काय आणावं?
— एक वाचक, बीड

उत्तर : पाने नीट धरता येत असतील आणि गाडीला एबीएस नसेल तर येतील. नळ्या जोडीनंच बदला, दोन्हीकडे ब्रेक सारखा लागायला हवा. नळीवर आय. एस. ७०७९ हे मानक आणि बनवल्याची तारीख आहे का बघा. दुकानात दहा वर्षं टांगलेली नळी नवी नसते. जोडीला नवे तांब्याचे वॉशर, नळी अडकवण्याच्या नव्या क्लिपा, सीलबंद फ्लुइड अर्धा ते एक लिटर (गाडीतल्या फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असा जो प्रकार लिहिला असेल तो), निपलवर बसणारी पारदर्शक नळी आणि फ्लेअर नटचा, म्हणजे लोखंडी नळीच्या टोकाच्या नटाचा पाना. साध्या ओपन पान्यानं हा नट हमखास गोल होतो. मग पक्कड येते, लोखंडी नळी पिळली जाते आणि दोन नळ्यांचं काम चार नळ्यांवर जातं.

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पेडल इंचभर दाबून काठीनं तसंच अडकवून ठेवा : मास्टरमधलं छिद्र झाकलं जातं आणि फ्लुइडची टाकी गळून रिकामी होत नाही. ब्रेकलाइट पेटते राहतील, म्हणून बॅटरीची तार काढा. आता एका पान्यानं रबरी नळीचा षटकोन धरून दुसऱ्यानं लोखंडी नळीचा नट सोडवा. क्लिप उपसा, मग कॅलिपरकडचं टोक काढा.

हे टोक बँजो बोल्टचं (गोल कडीतून जाणाऱ्या पोकळ बोल्टचं) असेल तर बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा वॉशर हवा. जुना एकदा चेपलेला असतो, तो गळतो. टोक थेट आट्याचं असेल तर बसवताना आधी कॅलिपरमध्ये घट्ट करा, नंतर वरचा नट. उलट केलंत तर नळीला पीळ बसतो. नळीवरची रंगीत रेघ सरळ राहिली की पीळ नाही. नट सुरुवातीचे तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. शेवटचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. लहान गाड्यांत लोखंडी नळीच्या नटाला तो १५ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे मनगटाच्या जोराइतकाच असतो. स्टिअरिंग पुन्हा दोन्ही टोकांना वळवून बघा.

काठी काढून नळ्यांतली एअर, म्हणजे हवा काढा : पेडल दाबून धरणे, निपल उघडणे, बंद करणे, मगच पाय सोडणे. टाकी रिकामी झाली नसेल तर पुढची दोन चाकं पुरतात. झाली असेल तर चारही. क्रम मॅन्युअलमधला घ्या. बऱ्याच गाड्यांत मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करतात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. पेडल तळापर्यंत जाऊ नये म्हणून त्याखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टरच्या तळाच्या भागापर्यंत सील कधी पोचलेलं नसतं; तिथल्या गंजावरून ते घासलं की मास्टर गळायला लागतो. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, पुसत बसू नका. शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबा आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानं पुसून बघा.

प्रश्न : नळ्या आणि कॅलिपर बदलले. तीनदा एअर काढली, तरी पेडल स्पंजसारखं.
— एक वाचक, जालना

उत्तर : निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला आहेत ना? खाली दिसत असतील तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालाय. हवा वर साचते, ती खालून कशी निघेल? निपल वरच असतील आणि पेडल मऊ नसून नुसतं खोल जात असेल, तर मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट करून घ्या.

प्रश्न : कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे जाताना पेडल खोल जाऊ लागतं. गाडी तासभर थांबवली की पूर्ववत. होजच ना?
— एक वाचक, कन्नड

उत्तर : नाही, फ्लुइड. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४०लाच. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते. दर दोन वर्षांनी सगळं फ्लुइड बदला. गेल्या पावसाळ्यात उघडलेली बाटली वापरू नका आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरा.