तालुक्याच्या गावी विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यान ठेवलं, तर लोक येतील का?

तुम्ही लिहिलंय की परभणी जिल्ह्यात तुमच्या वाचनालयाची तीन दिवसांची व्याख्यानमाला आहे. त्यातली एक संध्याकाळ विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाला द्यावी असं तुम्हाला वाटतं, पण समितीतले लोक म्हणतात, ‘हा विषय पुण्या-मुंबईचा, इथं कोण ऐकणार?’

ऐकतात. मी लातूर जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं लहान गावांतून याच विषयावर बोलत आलोय. लोक येतात, प्रश्न विचारतात, दिवे मालवेपर्यंत थांबतात. फक्त वक्ता सुरुवात कुठून करतो, यावर सगळं आहे.

माझं पहिलं व्याख्यान मी विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याच्यापासून सुरू केलं होतं. व्हिएन्ना, १९३४ सालचं त्याचं पुस्तक, मग याच विषयातला थॉमस कून आणि त्याचं १९६२ सालचं पुस्तक. वीस मिनिटांत मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. तेव्हापासून मी रानातल्या पाण्याच्या बोअरपासून सुरू करतो.

जमिनीत पाणी कुठं लागेल ते सांगणारा पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालतो, नारळ उभा राहिला की तिथं दगड ठेवायचा. हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी सभेला विचारतो, किती बोअर घेतले आणि किती लागले? एका गावी मागून एक आजोबा उठले. म्हणाले, ‘पाच घेतले सर, दोन लागले. पाणाड्या एकच. आता त्याला मानू का नको?’ मी फळ्यावर पाच आणि दोन लिहिलं. कुणी म्हणालं, दोन लागले म्हणजे हाताला गुण आहे. कुणी म्हणालं, मग तीन कोरडे गेले त्याचं काय? आजोबा म्हणाले, ‘त्यो म्हणला, मशीनवाल्यानं हातभर बाजूला पाडला.’

तेव्हा अकरावीतली एक मुलगी उभी राहिली. ‘मग तो चुकला, असं कधी ठरणार?’

पॉपरचं नाव मी तिथं घेतलं. जो दावा काहीही झालं तरी चुकूच शकत नाही, तो विज्ञानाचा दावा नव्हे, हे त्याचं म्हणणं त्या सभेला समजावून सांगावं लागलं नाही. त्या मुलीनं ते आधीच विचारलं होतं. मग मी पुढचा प्रश्न टाकला: पाणाड्यानं जिथं ‘नाही’ म्हटलं, तिथं कुणी बोअर घेऊन पाहिलाय? कुणीच नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत, मुरमात आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. डोळे मिटून पाच बोअर घेतले तर किती लागतील, हे ठाऊक असल्याशिवाय दोनाला गुण म्हणायचं की योगायोग, हे सांगता येत नाही. हाच प्रश्न सर्वे करणाऱ्या मशीनलाही विचारायचा, हे वक्त्यानं आवर्जून सांगावं. पाणाड्याची टवाळी मात्र होऊ देऊ नका. टवाळी झाली की अर्धी सभा त्याच्या बाजूनं उभी राहते, आणि मला विचाराल तर ते योग्यच आहे.

सरावलेला वक्ताही बऱ्याचदा इथंच थांबतो. थांबू नये, कारण एखादा तल्लख श्रोता विचारतोच की शास्त्रज्ञ सबबी सांगत नाहीत का? सांगतात. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे फिरत नव्हता. न्यूटन चुकला असं न म्हणता ल व्हेरिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं सांगितलं की पलीकडे एक न दिसलेला ग्रह असणार, आणि तो कुठं असेल हेही मांडलं. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाल नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं दुर्बीण तिकडे वळवली आणि त्याच रात्री नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक उरत होता. त्याच ल व्हेरियेनं पुन्हा तीच युक्ती केली, सूर्याजवळ आणखी एक ग्रह आहे म्हणाला. नावही ठरलं, व्हल्कन. तो कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइननं नवा गुरुत्वसिद्धान्त मांडला आणि तो फरक बरोबर निघाला.

माणूस एकच, सबब एकच. एकदा खरी निघाली, एकदा खोटी. पण दोन्ही वेळा ती आकाशात जाऊन तपासता येत होती. ‘हातभर बाजूला’ ही सबबसुद्धा तपासता येते, हातभर बाजूला पुन्हा बोअर घेऊन. तेवढे पैसे कुणाकडे नसतात, म्हणून ती टिकते. हे मी बोललो तेव्हा आजोबांनी मान हलवली.

कृत्रिम पावसाचंही तसंच. २०१५ साली औरंगाबादहून विमानं उडाली, नंतर पाऊस झाला. तो पाडला की पडला? याचं उत्तर काढायला सोलापूरकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं जो प्रयोग केला, त्यात सारखे दिसणारे ढग घेऊन काहींत फवारणी केली, काही तसेच सोडले, आणि कोणता ढग कुठल्या गटात, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं. पाणाड्याच्या बाबतीत जे कुणी केलं नाही, ते इथं केलं.

वेळ उरला तर विगमनावर या, म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांबद्दल नियम काढण्यावर. त्यावर शंका घेणारा तत्त्वज्ञ ह्यूम, त्याचं नाव नाही घेतलं तरी चालेल. आपल्याकडे कीर्तन ऐकणारा समाज आहे, धूर आणि अग्नीचा दाखला त्यांच्या कानावर असतो. जिथं धूर तिथं अग्नी हे मान्य, पण सगळे धूर पाहिले कुणी, ही शंका चार्वाकांनी कधीच काढली होती. एका सभेत याच ठिकाणी मी किल्लारी घेतलं. १९९३ पर्यंत नकाशावर तो भाग भूकंपाचा धोका सगळ्यात कमी असलेल्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी धक्के बसले होते, तरी इथं मोठा भूकंप होत नाही हीच समजूत होती. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. मी सांगितलं की नंतर, २००२ साली, तो सगळ्यात कमी धोक्याचा पट्टाच नकाशातून काढून टाकला. विज्ञान आपली चूक अशी दुरुस्त करतं. पुढे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘दुरुस्त झाला, पण आमची माणसं गेल्यावर.’ मी बोलणं थांबवून त्यांना बोलू दिलं. त्या दहा मिनिटं बोलल्या, आणि त्या दिवशीचं उरलेलं व्याख्यान मी दिलं नाही. तुमच्याकडेही असं काही होऊ शकतं. वक्त्याला आधी कल्पना द्या.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. संक्रांतीनंतरचा, जानेवारीअखेरचा आठवडा धरा. पुढे परीक्षा येतात. गावात सप्ताह असेल ते दिवस टाळा. भाषण पाऊण तास, प्रश्नांना एक तास. बायकांना मागं नाही, पुढं बसवा. माईक श्रोत्यांत फिरता ठेवा आणि प्रोजेक्टरऐवजी मोठा फळा लावा, कारण आकडे लोकांकडून यायचे आहेत.